कामकरी बायका : दोन

वजनकाट्याच्या शेडवर नोटीस लागली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका बांधावरून येत होत्या, पाटी रिकामी करत होत्या आणि परत फिरताना त्या कागदाकडे एकदा बघून घेत होत्या. कागदावर शिक्का होता. शिक्क्याचा कागद चांगली बातमी आणत नाही, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

"बारकीला बोलवा," शेजारची काकी म्हणाली. "एवढी जाडजाड पुस्तकं वाचते, हेही वाचेल."

बारकी म्हणजे गावच्या शाळामास्तरांची धाकटी. वय एकतीस, शहरात विद्यापीठात संशोधन करणारी, पण गावात अजून बारकीच. महिनाभरासाठी घरी आली होती. दिवसभर खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसायची. काय करतेस, असं कुणी विचारलं तर सांगायची, समुद्रकाठच्या गावांतल्या बायकांच्या कामाचा अभ्यास. त्यावर काकीने एकदा विचारलं होतं, "मग खिडकी बंद का असते?"

बारकीने शेडपाशी येऊन नोटीस मोठ्याने वाचली. हा हंगाम संपला की मिठागर बंद. जागेवर भराव पडणार, बोटींचा माल उतरवायला धक्का होणार. मिठागरावरच्या माणसांना पलीकडच्या गावातल्या नव्या कारखान्यात, मीठ धुऊन पिशव्या भरायच्या कामावर घेतलं जाईल. किती जणांना, ते मागच्या जनगणनेत गावाचे जेवढे कामकरी नोंदले आहेत त्या प्रमाणात. खाली गावाचा आकडा दिला होता.

"कामकरी पुरुष एकशे अठ्ठेचाळीस," तिने वाचलं. "कामकरी स्त्रिया दोन."

"दोनशे असेल. नीट बघ," काकी म्हणाली.

"दोनच आहे."

"मग शून्यं गळली असतील कुठे तरी. वाऱ्याने."

कुणी हसलं नाही. शेडभोवती त्या वेळी पन्नासएक बायका उभ्या होत्या. बारकीची आई कडेला होती. तिने चुंबळ काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली आणि रिकामी पाटी उचलून मिठाच्या वाफ्याकडे निघाली. मास्तरांचा पगार सुरू व्हायच्या आधीपासून ती मिठावर होती. पगार सुरू झाला, पुढे ते निवृत्त झाले, तरी ती मिठावरच राहिली, कारण मधल्या काळात तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सात बायका आणि बारकी तालुक्याच्या कचेरीत गेल्या. शिपायाने त्यांचे पाय बघितले. मिठात राबणाऱ्या पायांना पांढऱ्या भेगा पडतात आणि त्या कितीही घासल्या तरी तशाच राहतात. शिपायाने जुनी वर्तमानपत्रं आणून फरशीवर पसरली. "यावर उभ्या राहा," तो म्हणाला. "लादी खराब होते."

त्या वर्तमानपत्रांवर उभ्या राहिल्या. आई आपल्या पायाखाली काय छापलंय ते बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे मी ठरवलेलं नाही. जनगणनेचा तक्ता आहे. तुम्ही संशोधन करता म्हणता ना? मग आकडा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"साहेब," काकी म्हणाली, "आम्ही इथे सात जणी उभ्या आहोत. दोनापेक्षा जास्त झालो की नाही?"

"तुम्ही आहात हो. पण नोंद नाही."

परतीची बस मिळाली. आईने खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोप काढली. ती कुठेही झोपू शकायची.

बारकी दोन वर्षं हेच तक्ते वापरत होती. जिल्ह्याजिल्ह्यांची बेरीज करायची, टक्के काढायचे, दोन मोजण्यांमधला फरक मांडायचा. आपल्या गावाची ओळ उघडून बघावी, असं तिला कधी सुचलं नव्हतं. घरी आल्यावर तिने ती शोधली, तर गाव सापडेना. प्रत्येक गावाला एक क्रमांक असतो आणि मोजणीगणिक तो बदलतो. गावाच्या जुन्या क्रमांकावर आता एक ओसाड जंगलपट्टी होती. लोकसंख्या शून्य. नव्या क्रमांकावर गाव होतं, पण जुन्या मोजणीशी ताडून बघायचं तर छापील खंडच हवे होते. ते जिल्ह्याच्या ग्रंथालयात.

दोन तास बसने गेली. ग्रंथपालाने मोडक्या पंख्यांमागचं कपाट उघडून दिलं. "हे खंड मागणाऱ्या तुम्ही दुसऱ्या," तो म्हणाला. "पहिला उंदीर."

झेरॉक्सचं यंत्र बंद होतं. खंड तिने मांडीवर घेतला आणि वहीत ओळ उतरवून काढली. घरं एकशे बारा. माणसं पाचशे चाळीस, पुरुष दोनशे शहात्तर, स्त्रिया दोनशे चौसष्ट. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्या स्त्रिया दोन. त्याहून कमी काम करणाऱ्या शून्य. काहीच काम न करणाऱ्या दोनशे बासष्ट. तिने बेरीज ताडून बघितली. बेरीज बरोबर होती, म्हणजे छपाईची चूक नव्हती. शेजारच्या गावाची ओळ बघितली, तिथेही मिठागर होतं. तिथे कामकरी स्त्रिया सत्त्याण्णव. मग त्याआधीच्या मोजणीचा खंड काढला. आपलंच गाव, दहा वर्षं आधी. कामकरी स्त्रिया एक्क्याण्णव.

एक्क्याण्णवाच्या दोन. मधल्या दहा वर्षांत मिठागर तेच, बायका त्याच.

"घरोघरचे मूळ फॉर्म बघायला मिळतील?" तिने विचारलं.

"ते गुप्त असतात. कायद्याने. आणि वापरून झाले की ठेवतही नाहीत." ग्रंथपालाने खंड परत घेतला. "कुणी काय लिहिलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक."

ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं. मोजणीला शाळामास्तर लावतात. त्या वर्षी ती कॉलेजच्या वसतिगृहात होती. गावात शाळा एक, मास्तर एक.

बसथांब्यावरून तिने आपल्या मार्गदर्शक बाईंना फोन केला, कारण ठरलेला दिवस होता. बाईंनी आकडे ऐकले आणि त्यांचा आवाज उजळला. "अगं, सोनं आहे हे. एक्क्याण्णवाच्या दोन! आपल्या प्रबंधाला असंच एक गाव हवं होतं. वेगळं प्रकरण कर त्यावर."

"हो बाई," बारकी म्हणाली.

आनंद व्हायला हवा होता. तिने थोडं थांबून वाट पाहिली. झाला नाही. दुःखही झालं नाही. बस आली, ती चढली.

घरी मास्तर उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होते. निवृत्त झाल्यापासून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि वह्या तपासाव्यात तसे ते खडे वेचायचे.

"बाबा, बारा वर्षांपूर्वीची मोजणी तुम्ही केली होती?"

"मीच. त्याच्या आधीच्या वेळी दुसऱ्या गावचे मास्तर आले होते, या वेळी मी. अख्खं गाव. वीस दिवस लागले. ऊन मरणाचं होतं."

"बायकांना विचारलं होतंत, काम करता का म्हणून?"

"माहिती कुटुंबप्रमुखाकडून घ्यायची असते." त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला. "मी विचारायचो, घरातलं कोण काय करतं. माणूस सांगायचा, मी मिठावर, भाऊ मिठावर. बायको? घरचं बघते. मी लिहायचो, घरकाम."

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

मास्तरांनी सुपातले तांदूळ हाताने पसरले. "सकाळी फॉर्म घेऊन निघायचो तेव्हा त्या बांधावरून ओळीने चाललेल्या असायच्या. दिसत होतं की. रोज दिसायचं. पण कुणी सांगितलं नाही, मग मी कसं लिहिणार? आपल्या मनाचं लिहायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं."

"मग त्या दोन कोण?"

"एक नर्सबाई. सरकारी नोकरी, तिचं लिहायलाच हवं. आणि एक ती वरच्या वाडीतली विधवा, मागे वारली ती. तिच्या घरात विचारायला पुरुषमाणूस नव्हता. म्हणून तिलाच विचारलं."

आई मागच्या दारातून पाण्याची कळशी घेऊन आत आली होती. ती कधीपासून उभी होती, ते बारकीला कळलं नाही.

"आपल्या घराचं काय लिहिलंत?" आईने विचारलं.

"घरकाम."

"केव्हा भरलात आपला फॉर्म?"

"रविवारी. सकाळी, सगळ्यांत शेवटी."

"मी कुठे होते तेव्हा?"

मास्तरांनी सूप खाली ठेवलं. "वाफ्यावर."

आईने कळशी जागेवर ठेवली, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. "चहा घेणार का दोघं?" ती म्हणाली.

चहा झाला. तिघांनी प्याला.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. रात्री त्यांनी सुवाच्य अक्षरात एक पानभर अर्ज लिहिला होता, की मोजणी मी केली, बायकांची नोंद माझ्याकडून चुकली, ती दुरुस्त व्हावी. बारकी त्यांच्याबरोबर कचेरीत गेली. मास्तरांच्या पायांत चपला होत्या म्हणून वर्तमानपत्र पसरलं गेलं नाही. त्यांना खुर्चीही मिळाली.

साहेबाने अर्ज दोनदा वाचला. "मास्तर, हे काय लिहून देताय, कळतंय ना? मोजणीत चुकीची माहिती भरणं गुन्हा आहे. हा कागद मी घेतला तर मला वर पाठवावा लागेल. निवृत्तिवेतन अडकेल तुमचं."

"पाठवा."

"पाठवला तरी आकडा बदलायचा नाही. मोजणी एकदा मिटली की मिटली. पुढच्या वेळी सांगा." त्याने अर्जाची नीट घडी घातली आणि मास्तरांच्या हातात दिली. "घरी ठेवा हा. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात."

मास्तरांनी एकदा तरी तो कागद पुन्हा पुढे सरकवावा, असं बारकीला वाटलं. त्यांनी तो खिशात ठेवला. उठताना ते साहेबाला "आभारी आहे" म्हणाले. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर होता आणि ते प्रत्येक पायरी बघून उतरत होते.

मग बारकीने स्वतःच मोजायचं ठरवलं. आशेने नव्हे. हातात दुसरं काही नव्हतं आणि तिला एवढंच येत होतं. तिने फॉर्म तयार केला आणि संध्याकाळी, पाट्या संपवून बायका घरी आल्या की, वाडीत जायला लागली. पहिल्या घरी काकीची सून भांडी घासत होती.

"वहिनी, मागच्या वर्षभरात काम केलंत का?"

"काम? मी कुठलं काम करते? घरीच असते की."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरच्या बाईचे हात कोपरापर्यंत मिठाने सोलवटले होते आणि तिनेही तेच सांगितलं. पुरुष कुणी घरात नव्हते. बारकीने पेन मिटलं.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आई पायांना खोबरेल चोळत होती. "तू चुकीचं विचारतेस," ती म्हणाली. "काम म्हणजे त्यांना नोकरी वाटते. तुझ्या बापानेही असंच विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी आई बरोबर आली. दारात उभी राहिली आणि काकीच्या सुनेला म्हणाली, "काल पाट्या किती झाल्या तुझ्या?"

"साठ. गुडघा धरला म्हणून, नाहीतर सत्तर होतात."

"निघतेस कधी?"

"पाचला. तुम्हाला माहीत नाही का?"

"हिला सांग. ही लिहितेय."

नऊ दिवस दोघी फिरल्या. आई विचारायची, बारकी लिहायची. पाट्या किती, महिने किती, बाळंतपणानंतर किती दिवसांनी परत गेलीस. शेवटचा प्रश्न आईने आपल्या मनाने घातला होता. उत्तरं ऐकताना तिचा चेहरा हलायचा नाही. एकीने बारा दिवस सांगितले, एकीने आठ. "मी दहा," एकदा आई चालताचालता म्हणाली, वाटेवरच्या दगडाला वळसा घालत. "तुझ्या वेळी." बारकीने ते वहीत लिहिलं नाही. नंतर घरी येऊन लिहिलं.

सत्त्याऐंशी बायका झाल्या. बारकीने दोन्ही खंडांतले उतारे, शेजारच्या गावाचा आकडा आणि ही यादी असं सगळं एकत्र शिवून कचेरीत दिलं. साहेब म्हणाला, हे खाजगी आहे, याला आधार नाही. बायका कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या. घोषणा वगैरे कुणी दिल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मिठागरावर दोन दिवस एकही पाटी उचलली गेली नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या माणसाचा फोन आला असावा, कारण साहेबाने बारकीला आत बोलावलं.

"विशेष बाब म्हणून चाळीस बायका घेतील," तो म्हणाला. "तुमच्याच यादीतून. मात्र ज्या घरात सरकारी पगार किंवा निवृत्तिवेतन येतं, ती घरं वगळायची. तसा नियमच आहे."

कारकुनाने यादी पुढे ओढली. पट्टी लावून त्याने तांबड्या शाईची एक रेघ मारली. नर्सबाईंची बदली कधीच झाली होती, त्यामुळे यादीत असं घर एकच होतं.

बारकीने पायऱ्यांवर येऊन सांगितलं. बायका आईकडे बघायला लागल्या. काकीने तोंडाला पदर लावला.

"बरं," आई म्हणाली. ती उठली, लुगडं झटकलं. "चला, बस चुकेल."

पुढच्या आठवड्यात पहाटे टेम्पो यायला लागला. काकी आणि काकीची सून धरून वाडीतल्या चाळीस जणी त्यात दाटीवाटीने बसून कारखान्यात जायला लागल्या. तिथे सावली होती, हातमोजे होते. काकी पहिल्या दिवशी संध्याकाळी सरळ मास्तरांच्या घरी आली आणि हातमोजे आईसमोर ठेवून म्हणाली, "बघ घालून." आईने घातले, बोटं उघडमीट केली, काढून परत दिले. "चांगले आहेत," ती म्हणाली.

मिठागराचे अजून तीन आठवडे उरले होते. वाफ्यांत शेवटचं मीठ धरलं होतं. नाव न लागलेल्यांतल्या बऱ्याच जणी दुसरीकडे मजुरी शोधायला लागल्या; आई आणि आणखी दहाबारा म्हाताऱ्या तिथे जात राहिल्या. पलीकडच्या टोकाला ट्रक येऊन भराव टाकायला लागले होते आणि त्याची लाल धूळ मिठावर बसत होती. ते मीठ कुणी घेणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बायका ते ओढत होत्या.

चौथ्या दिवशी आई निघाली तेव्हा मास्तर कपडे करून दारात उभे होते.

"कुठे?" आईने विचारलं.

"येतो तुझ्याबरोबर."

आईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चपला नाही चालणार तिथे," एवढंच म्हणाली. मास्तरांनी चपला काढून ठेवल्या.

बारकीची शहराची बस दुपारी होती. पाण्याची बाटली घेऊन ती मागोमाग गेली आणि बांधावर बसली. मास्तर वाफ्यात उतरले. पहिल्याच पावलाला त्यांनी ओठ आवळले. मिठाचे खडे काचेसारखे असतात, सवय नसलेल्या तळव्याला तेव्हाच कळतं. आईने त्यांच्या हातात लांब दांड्याची फळी दिली. चाळीस वर्षं खडू धरलेला हात. त्यांनी फळी झाडूसारखी धरली आणि दोनतीनदा इकडे तिकडे फिरवली.

तासाभरात त्यांच्या पायातून रक्त आलं. आईने ते बघितलं. शेजारच्या वाफ्यात ती वाकून आपलं ओढत होती, एका लयीत, पाठ वर न करता. मास्तर दर दहा मिनिटांनी थांबत होते, कमरेला हात लावत होते, परत सुरू करत होते. त्यांनी एक छोटासा ढीग केला. अर्धा चिखल, अर्धं मीठ.

दहाच्या सुमाराला मुकादम नोंदवही घेऊन आला. मिठागर बंद होईपर्यंत रोज किती माणसं कामावर आहेत ते लिहून ठेवा, असं कंपनीने त्याला सांगितलं होतं. बांधावर उभा राहून त्याने म्हाताऱ्या मोजल्या, मग मास्तरांपाशी अडखळला.

"मास्तरीणबाई," त्याने आईला हाक मारली, "मास्तरही लागले का कामाला? मांडू त्यांना?"

मास्तर सरळ उभे राहिले. बारकीनेही मान वर केली.

आईने हात थांबवला नाही. "नको," ती म्हणाली. "घरात एकटे कंटाळतात, म्हणून आलेत."

मुकादमाने मान हलवली, वहीत काहीतरी खूण केली आणि तो पुढच्या वाफ्याकडे गेला. आईच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कुणी वेळ विचारली असती तर तिने याच आवाजात सांगितली असती.

मास्तर फळी धरून उभे होते. पलीकडे एका ट्रकने भराव ओतला आणि धूळ हळूहळू त्यांच्या दिशेने यायला लागली.

"मागे ओढा," आई म्हणाली. "पुढे ढकललं की मीठ चिखलात जातं."

मास्तरांनी फळी उचलली, जरा लांब टेकवली आणि आपल्याकडे ओढली.